केमोथेरपीची उत्तरार्धातील आवर्तने आणि साठत जाणारे दुष्परिणाम

कर्करोगावरील औषधे शिरेतून किंवा गोळ्यांच्या रूपाने ठरावीक अंतराने देण्याच्या पद्धतीस केमोथेरपी म्हणतात, आणि औषध देण्याचे दिवस व त्यानंतरचा विश्रांतीचा काळ मिळून जे चक्र पूर्ण होते त्यास आवर्तन म्हणतात; डे-केअर विभागांत आणि रुग्णांच्या बोलण्यात मात्र त्याला सरसकट ‘सायकल’ हाच शब्द आहे. मधले अंतर ठेवण्यामागे एक साधा हिशेब असतो. ही औषधे मुख्यतः वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात, त्या आघातात कर्कपेशींबरोबर अस्थिमज्जा, तोंडाचे व आतड्यांचे अस्तर आणि केसांची मुळे यांतील निरोगी पेशीही सापडतात, आणि दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीत निरोगी पेशी कर्कपेशींपेक्षा लवकर सावरतील या भरवशावर पुढचा डोस दिला जातो. पहिल्या काही आवर्तनांत हा भरवसा बहुधा खरा ठरतो. उत्तरार्धात चित्र बदलते, कारण तोवर शरीरातील काही ऊतींचे सावरणे अपुरे राहिलेले असते आणि अपुरेपणावर अपुरेपणाचा थर चढत गेलेला असतो.

म्हणून दुष्परिणामांचे दोन वर्ग आरंभीच वेगळे केले पाहिजेत. मळमळ, तोंड येणे, पांढऱ्या पेशी घटणे हे प्रत्येक आवर्तनात येतात आणि ओसरतात. हातापायांचा बधिरपणा, हृदयाच्या स्नायूची हानी, कानांची हानी, रक्तक्षय आणि थकवा हे मात्र औषधाच्या एकूण मात्रेबरोबर साठत जातात. रुग्णाची खरी अडचण या दोहोंच्या गल्लतीतून उभी राहते. ‘आठ दिवस सोसले की जाते’ हा धडा तो पहिल्या दोन-तीन आवर्तनांत स्वानुभवाने शिकतो, तो धडा पहिल्या वर्गापुरता बरोबरही असतो, आणि त्याच धड्याच्या आधारे तो पुढे दुसऱ्या वर्गातील लक्षणांविषयी गप्प बसतो. सोसणे हा आपल्या घरांत सद्गुण मानला जात असल्यामुळे, आणि तक्रार केली तर डोस कमी होईल व आजार उलटेल अशी धास्ती त्यात मिसळल्यामुळे, हे मौन अधिकच घट्ट होते.

या मौनाची किंमत सर्वाधिक मोजावी लागते ती चेतातंतूंच्या विकारात, ज्याला वैद्यकात न्यूरोपथी म्हणतात. स्तन, अंडाशय व फुफ्फुसाच्या कर्करोगात वापरले जाणारे पॅक्लिटॅक्सेल, मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील ऑक्झालिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन, आणि रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगातील व्हिन्क्रिस्टिन ही त्यामागची प्रमुख औषधे होत. यांपैकी व्हिन्क्रिस्टिन हे मुळात सदाफुलीतून मिळालेले द्रव्य आहे, तर पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीतून प्रथम वेगळे काढले गेले. ही दोन्ही द्रव्ये पेशींतील सूक्ष्मनलिकांवर परिणाम करतात. विभागणाऱ्या पेशीला या नलिकांवाचून दुभंगता येत नाही, म्हणून कर्कपेशी मरते. परंतु चेतापेशीच्या लांब धाग्यातून टोकापर्यंत पोषक द्रव्यांची वाहतूक होते तीही याच नलिकांच्या आधाराने. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे धागे सर्वांत लांब असल्यामुळे तेथील वाहतूक आधी कोलमडते, मग हातांच्या बोटांची पाळी येते, आणि संवेदना हरपण्याचा आकार मोजे व हातमोजे घातल्यासारखा दिसतो. प्लॅटिनमयुक्त औषधांची रीत निराळी आहे. ती मणक्यालगतच्या संवेदी चेतापेशींच्या पुंजक्यांत साचून राहतात आणि त्या पेशींनाच इजा करतात.

ऑक्झालिप्लॅटिनच्या बाबतीत दोन वेगळे विकार एकाच नावाखाली वावरतात. औषध दिल्यानंतरच्या काही दिवसांत थंड पाणी घशाला टोचल्यासारखे लागते किंवा फ्रिजमधील भांडे धरताच बोटांत झिणझिण्या येतात. हा विकार तात्पुरता असतो. दुसरा विकार एकूण मात्रेवर अवलंबून असतो. दर चौरस मीटर शरीरपृष्ठामागे एकूण सुमारे ७८० ते ८५० मिलिग्रॅम औषध झाले की तीव्र न्यूरोपथीचे प्रमाण लक्षणीय वाढते, आणि दर पंधरवड्याला ८५ मिलिग्रॅमप्रमाणे दिल्या जाणाऱ्या पद्धतीत हा टप्पा नवव्या-दहाव्या आवर्तनाच्या आसपास येतो. पूर्ण कोर्स बारा आवर्तनांचा असेल, तर अखेरची दोन-तीन आवर्तने या टप्प्यापलीकडची असतात. पहिला विकार दर वेळी आपोआप जातो हे पाहिलेला रुग्ण दुसऱ्यालाही पहिलाच समजतो. दोन आवर्तनांच्या मधल्या काळातही मुंग्या पूर्णपणे जात नाहीत, ही दोहोंतील फरकाची खूण त्याला कोणी सांगितलेली नसते. शिवाय प्लॅटिनमयुक्त औषधे थांबवल्यानंतरही हा बधिरपणा काही महिने वाढत राहू शकतो, त्यामुळे ‘अजून चालवून घेता येते’ अशा अवस्थेत घेतलेला डोस पुढे न चालवून घेता येणाऱ्या अवस्थेपर्यंत नेऊ शकतो.

दुष्परिणामांची तीव्रता मोजण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तयार केलेली एक ते पाच श्रेणींची मापनपद्धती जगभर वापरली जाते. तीत न्यूरोपथीची दुसरी श्रेणी म्हणजे स्वयंपाक, खरेदी, फोन वापरणे यांसारख्या कामांत अडथळा, आणि तिसरी म्हणजे कपडे घालणे, अंघोळ, जेवण यांसारख्या स्वतःच्या देखभालीत अडथळा. भाषांतरित प्रश्नावलीतून ‘दैनंदिन कामांत अडचण येते का’ असे विचारले, की ‘नाही’ हे उत्तर सहज मिळते. त्याऐवजी पोलके किंवा शर्टाचे बटण न पाहता लावता येते का, तांदूळ निवडताना खडा बोटांना कळतो का, रांगोळी चिमटीतून सारखी सुटते का, पायातली चप्पल निसटली तर ती चालताना जाणवते का, असे विचारले तर खरी श्रेणी लगेच उलगडते. शेतात अनवाणी वावरणाऱ्याला काटा रुतल्याचे कळत नाही आणि तव्याचा चटका बसल्याचे फोड आल्यावर ध्यानात येते, तेव्हा न्यूरोपथी बरीच पुढे गेलेली असते.

उपायांच्या बाबतीत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण येथे आशा विकली जाण्याला फार वाव आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०२० मध्ये अद्ययावत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार न्यूरोपथी टाळण्यासाठी शिफारस करावी असे एकही औषध सिद्ध झालेले नाही, आणि असिटिल-एल-कार्निटिन या पूरक द्रव्याने तर ती वाढू शकते म्हणून ते देऊच नये. ऑक्झालिप्लॅटिनबरोबर कॅल्शियम व मॅग्नेशियम शिरेतून देण्याची पद्धतही काटेकोर चाचणीत निष्फळ ठरली. झालेल्या न्यूरोपथीतील वेदनेवर ड्युलॉक्सेटिन हे एकच औषध समाधानकारक पुराव्यानिशी उभे आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के रुग्णांनी वेदना कमी झाल्याचे सांगितले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. हा फरक वेदनेपुरता आहे. बधिरपणा त्याने परत फिरतो असे मानण्यास फारसा आधार नाही. आपल्याकडे मुंग्यांची तक्रार केली की बी-१२ ची इंजेक्शने सुरू होतात. शाकाहारी लोकांत या जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळत असल्यामुळे रक्ततपासणी करणे आणि कमतरता असल्यास ती भरून काढणे योग्यच आहे, पण इंजेक्शने चालू आहेत या समाधानात औषधाची मात्रा कमी करण्याचा प्रश्न मागे पडत असेल तर ते उपचार रुग्णाच्या हिताच्या आड येतात. पॅक्लिटॅक्सेल चालू असताना हातापायांना गारवा किंवा घट्ट हातमोज्यांचा दाब देऊन तेथील रक्तप्रवाह, आणि पर्यायाने तेथे पोहोचणारे औषध, कमी करण्याच्या पद्धतीने काही अभ्यासांत आश्वासक निष्कर्ष दिले आहेत. ऑक्झालिप्लॅटिन घेणाऱ्याने मात्र हा प्रयोग करू नये, कारण गारवा हाच त्याच्या झिणझिण्यांना निमंत्रण देतो.

म्हणजे न्यूरोपथीवरचा सर्वांत परिणामकारक उपाय आजही एकच राहतो, आणि तो म्हणजे कारणीभूत औषध वेळीच कमी करणे, लांबवणे किंवा थांबवणे. येथे संपूर्ण प्रश्नाचा गाभा येतो. इटलीतील मिलान येथील जिआनी बोनाडोना यांनी स्तनाच्या कर्करोगावरील एका औषधयोजनेचा वीस वर्षांचा पाठपुरावा १९९५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि नियोजित मात्रेच्या किमान ८५ टक्के औषध मिळालेल्या स्त्रियांना उपचाराचा लाभ अधिक झाल्याचे त्यात दिसले. डोस चुकवू नये, पुढे ढकलू नये, या आग्रहाचे मूळ अशा निष्कर्षांत आहे आणि तो आग्रह अनाठायी नाही. परंतु तो सर्व औषधांना, सर्व टप्प्यांना आणि सर्व रुग्णांना सारखाच लागू पडत नाही, हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने दाखवून दिले. सहा स्वतंत्र चाचण्यांतील १२,८३४ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयडिया’ या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ऑक्झालिप्लॅटिनयुक्त उपचार तीन महिने द्यावा की सहा, हा प्रश्न तपासला गेला. दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारी न्यूरोपथी सहा महिन्यांच्या गटांत सुमारे ४५ ते ४८ टक्के रुग्णांत, तर तीन महिन्यांच्या गटांत सुमारे १४ ते १७ टक्के रुग्णांत आढळली. कर्करोग परतण्याच्या बाबतीत तीन महिने सर्वांसाठी पुरेसे आहेत असे एकंदर आकड्यांनी सिद्ध झाले नाही. मात्र कमी जोखमीच्या गटात, विशेषतः कॅपेसिटाबिन गोळ्यांसह दिलेल्या पद्धतीत, तीन महिन्यांचा उपचार उणा पडला नाही, आणि अधिक जोखमीच्या गटात दीर्घ उपचाराचे पारडे जड राहिले. याचा अर्थ असा की ‘कोर्स पूर्ण करणे’ ही एकसंध, अलंघ्य गोष्ट नाही. प्रत्येक उत्तर-आवर्तन हा नव्याने घ्यायचा निर्णय आहे आणि त्या निर्णयातील निम्मी माहिती केवळ रुग्णापाशी असते.

हृदयाच्या बाबतीत हिशेब अधिक कडक आहे, आणि समाधानाची बाब ही की तो डॉक्टरच ठेवतात. डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाने हृदयस्नायूला होणारी इजा आयुष्यभरातील एकूण मात्रेवर अवलंबून असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दर चौरस मीटरमागे ४०० मिलिग्रॅमपर्यंत सुमारे ५ टक्के, ५५० मिलिग्रॅमपर्यंत सुमारे २६ टक्के रुग्णांत हृदय निकामी होण्याची लक्षणे अनुमानित झाली. स्तनाच्या कर्करोगातील नेहमीची चार आवर्तने २४० मिलिग्रॅमवर थांबतात, म्हणून बहुतेक स्त्रिया या सीमेपासून दूर असतात. तरीही वय, रक्तदाब, आधीचा हृदयविकार किंवा छातीवरील किरणोपचार असल्यास ती सीमा अलीकडे सरकते आणि टूडी-एको तपासणीला महत्त्व येते. सिस्प्लॅटिनने उच्च स्वर ऐकू न येण्यापासून बहिरेपणा सुरू होतो व मूत्रपिंडांवर ताण येतो, तर ब्लिओमायसिनने फुफ्फुसे ताठर होऊ शकतात. कानांत सतत गुणगुण किंवा नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला पुढच्या सलाइनआधी सांगितलाच पाहिजे.

मळमळ व उलटी हा तसा येऊन जाणारा दुष्परिणाम, पण उत्तरार्धात त्याचे एक वेगळे रूप प्रकट होते. आधीच्या आवर्तनांत उलट्या नीट आटोक्यात आल्या नसतील, तर मेंदू रुग्णालयातील स्पिरिटचा वास, तेथे नेणारी रिक्षा, सलाइनची बाटली यांची उलटीशी सांगड घालतो आणि औषध अंगात जाण्याआधीच मळमळ सुरू होते. हिला पूर्वसूचक मळमळ म्हणतात. ती एकदा रुजली की उलटीच्या नेहमीच्या गोळ्यांना फारशी दाद देत नाही. झोप आणणारे व चिंता शमवणारे सौम्य औषध आणि शिथिलीकरणाचे सराव यांचाच काय तो उपयोग होतो. ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून तिची वासलात लावणे अन्यायकारक आहे, कारण हे प्रतिक्षिप्त शिक्षण इच्छेच्या ताब्यात नसते. तिच्यावरचा खरा उपाय पहिल्या आवर्तनातच असतो, म्हणजे तेव्हाच उलटीवर पुरेशी औषधे देणे. मानसिक आजारांसाठी विकसित झालेले ओलान्झापिन हे औषध आता त्यांत आघाडीवर आहे. मात्र त्याच्या १० मिलिग्रॅमच्या प्रमाणित मात्रेने दिवसभर गुंगी राहते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेल्या आणि २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या चाचणीने २.५ मिलिग्रॅमची मात्रा उलटी रोखण्यात तितकीच समर्थ असून गुंगी बरीच कमी आणते, हे दाखवले. परळच्या या रुग्णालयातून सकाळी औषध घेऊन संध्याकाळच्या गाडीने गावी परतणाऱ्या रुग्णाला या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

रक्तपेशींच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. पांढऱ्या पेशी घटून होणारा गंभीर ताप उत्तरार्धातच जास्त येतो असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात अनेक औषधयोजनांत त्याचा धोका पहिल्या आवर्तनात सर्वाधिक असतो. उत्तरार्धात बदलते ती सावरण्याची गती, आणि ‘काउंट आले नाहीत’ म्हणून परत पाठवणे वाढते. त्यावर अस्थिमज्जेला चालना देणारी इंजेक्शने दिली जातात, ज्यांनी कंबर व मांड्यांची हाडे ठणकतात. पेशी साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसांत तळाला जातात आणि हेच दिवस रुग्ण गावी, रुग्णालयापासून शेकडो किलोमीटरांवर घालवत असतो. म्हणून १००.४ अंश फॅरेनहाइट ताप भरला की जवळच्या सुसज्ज रुग्णालयात तातडीने दाखल होऊन प्रतिजैविक सुरू करणे, आणि आपली केमो चालू असल्याचे तेथे पहिल्या वाक्यात सांगणे, एवढे घरातील प्रत्येकाला पाठ हवे. ताप न मोजता घेतलेली क्रोसिनसारखी गोळी आकडा लपवते व मौल्यवान तास खाते.

तांबड्या पेशी मात्र खरोखरच उतरणीने जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे पुष्कळ स्त्रियांची केमो मुळातच कमी हिमोग्लोबिनवर सुरू होते आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनात जिना चढताना लागणारी धाप त्या ‘अशक्तपणा’ या एका शब्दात गुंडाळतात. थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइडची गडबड, झोपेचा बिघाड किंवा नैराश्य यांपैकी काही आहे का हे तपासून झाल्यावर जो थकवा उरतो, त्यावर कोणत्याही टॉनिकपेक्षा रोजचे चालणे अधिक गुणकारी ठरते. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०१७ मध्ये झालेल्या विश्लेषणातही व्यायाम व मानसोपचार हे औषधांहून सरस ठरले. आजारी माणसाला पाण्याचा पेलाही उचलू न देण्याची घरच्यांची माया येथे थोडी आवरावी लागते.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन त्यांची आग होते व कातडी सोलवटते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील चाचणीत साध्या डायक्लोफेनॅक जेलने या त्रासाचे मध्यम व तीव्र स्वरूप १५ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर आले, आणि एवढ्या स्वस्त, दुकानोदुकानी मिळणाऱ्या मलमाने हे साधावे ही या क्षेत्रातील अलीकडची फार आनंदाची गोष्ट आहे.

दुष्परिणामांनी त्रासलेले घर उत्तरार्धात काढे, रस आणि चूर्णे यांकडे वळते, ते निरुपायातून वळते व त्याची हेटाळणी करू नये. पण यकृत त्या काळात औषधांचा निचरा करण्यात गुंतलेले असते. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वादाचा निवाडा काहीही होवो, यकृताचे आकडे अचानक वाढले तर ते केमोमुळे की काढ्यामुळे हे डॉक्टरांना ठरवता येत नाही आणि डोस लांबतो, एवढी गोष्ट त्याआधीच खरी आहे. जे काही घेतले जाते ते रागे भरले जाण्याच्या भीतीविना सांगता येईल, असे वातावरण निर्माण करणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे.

सांगण्याने नेमके काय साधते, याचाही पुरावा उपलब्ध आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांपैकी काहींना बारा नेहमीच्या लक्षणांची नोंद स्वतः संगणकावर करण्यास सांगितले गेले आणि लक्षण बळावताच परिचारिकेला सूचना जाईल अशी व्यवस्था केली गेली. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाचे मध्यक आयुष्य ३१.२ महिने, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे २६ महिने भरले. पाच महिन्यांचा हा फरक कोणत्याही नव्या औषधाने घडवला नव्हता. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णासाठी काही मिनिटेच मिळतात हे खरे असले, तरी तारखेनिशी चार ओळी लिहिलेली शाळेची वही त्या मिनिटांत वाचून होते, आणि रुग्णाला लिहिता येत नसेल तर हे काम सोबत येणारी मुलगी, सून किंवा भाऊ करू शकतो.

शेवटच्या आवर्तनानंतर फाइल बंद होते तेव्हा तीत कोणते औषध एकूण किती मिलिग्रॅम मिळाले, कोणत्या आवर्तनात मात्रा किती व कशासाठी कमी केली, आणि उपचार संपताना हातापायांची संवेदना कशी होती, हे एका पानावर लिहून मिळणे आवश्यक असते. प्लॅटिनमचा बधिरपणा त्यानंतरचे काही महिने वाढू शकतो आणि ती वाढ म्हणजे आजार परतल्याची खूण नव्हे, हे याच पानावर नमूद असावे. आजार खरोखरच परतला, किंवा दहा-पंधरा वर्षांनी वेगळ्याच शहरातील हृदयरोगतज्ज्ञासमोर जाण्याची वेळ आली, तर डॉक्सोरुबिसिनचा उरलेला वाव या पानावरील आकड्यावरूनच ठरणार असतो.